सहाव्या गाण्याचे शब्द

नंदूच्या गाडीत अजून कॅसेट प्लेअर आहे आणि नंदूला त्याचा अभिमान आहे, हे आधी कळलं असतं तर मी एसटीनं गेलो असतो. पण कळलं तेव्हा आम्ही चाकणच्या ट्रॅफिकमध्ये रुतलेलो होतो आणि गाडीतून उतरून पळायलाही जागा नव्हती.

नंदू म्हणजे आमच्या जुन्या बँडचा ड्रमर. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही चौघं पुण्यात डेथ मेटल वाजवायचो. ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: खाली उतरवलेल्या तारांची गिटार, दोन्ही पायांनी बडवलेला ड्रम आणि या सगळ्यावर पोटाच्या तळातून काढलेली गुरगुर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुणाला तरी दवाखान्यात न्यायला हवं. मी बेस गिटार वाजवायचो. मिलिंद गायचा, म्हणजे गुरगुरायचा. चौथा गिटारवाला कॅनडाला गेला, त्याचा या हकिकतीशी संबंध नाही. आम्ही सहा गाण्यांची एक कॅसेट काढली, शंभर प्रती. मग मिलिंद एके दिवशी यायचा बंद झाला आणि बँड संपला.

पोटापाण्यासाठी मी मुद्रितं तपासतो. लोकांच्या शब्दांतल्या चुका काढतो आणि घरी येऊन बायकोशी वाद घालतो. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यंदाच्या मार्चमध्ये अवसरी खुर्दच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या एका मुलीचा फोन आला. नाव ऋतुजा. तिला आमची कॅसेट पुन्हा काढायची होती. पुन्हा शंभर प्रती, पुन्हा कॅसेटच, आणि आत घडीच्या कागदावर सगळ्या गाण्यांचे शब्द.

पाच गाण्यांचे शब्द माझेच, ते होते. सहावं गाणं मिलिंदचं, आणि त्यात तो काय म्हणतो हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं.

चार वर्षं त्याच्या शेजारी उभं राहून वाजवलं आणि शब्द विचारले नाहीत, यावर माझी बायको अजून विश्वास ठेवत नाही. तिला कसं समजावणार? आमच्यात ती रीतच होती. ज्याचं गाणं त्यानं आपलं आपण लिहायचं, बाकीच्यांनी आवाज चांगला निघतोय का एवढंच बघायचं.

ऋतुजानं मिलिंदचा नंबर कुठून तरी मिळवून त्याला मेसेज केला होता. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "शिरीषला समोर पाठवा, मग बघू." शिरीष म्हणजे मी. समोर म्हणजे कुठे, ते लिहिलं नव्हतं. त्यानंतर तो कुणाचाच फोन उचलेना. कागद सोमवारी छपाईला जायचा होता. तेव्हा शनिवारी सकाळी, मिलिंदचं मूळ गाव शिनोली एवढ्या भांडवलावर, आम्ही निघालो.

पेठ

राजगुरुनगर सोडल्यावर प्लेअरनं कॅसेट खाल्ली. माझीच कॅसेट, माझ्याकडे उरलेली एकुलती एक. नंदूनं ती "रस्त्यात मूड बनवायला" माझ्या पिशवीतून न विचारता काढली होती.

"काही होत नाही रे," तो म्हणाला. "कॅसेट अशीच असते. त्यातच तर मजा आहे."

पेठ गावात एका टपरीसमोर गाडी लावून आम्ही बॉलपेन घालून फीत गुंडाळत बसलो. दोन पन्नाशीचे बाप्ये रस्त्याकडेला ती तपकिरी फीत हातात धरून उभे! टपरीवाला बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला.

"काय भजनाची हाये का?"

"नाही. वेगळं असतं ते."

"मंग मोबाइलवर न्हाई का मिळत?"

"मिळतं ना," मी म्हणालो. "हेच तर मी याला सकाळपासून सांगतोय."

नंदूनं मग त्याला मोबाइलवर मिळतं ते खरं नव्हे, यावर व्याख्यान दिलं. आताच्या ड्रममध्ये प्रत्येक ठोका कॉम्प्युटर सरळ करतो, आमच्यात ठोका चुकला तर चुकलेला ऐकू यायचा, तो जिवंत. टपरीवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्याकडं बैलगाडा शर्यतीच्या घाटात पण आसंच हाये भाऊ. लोकं इडिओ बघत्यात, पर घाटात उभं राहिल्याबिगर मजा न्हाई." नंदूला इतका आनंद झाला की त्यानं आणखी दोन चहा सांगितले. माझ्या घड्याळात अकरा वाजत होते.

टपरीवरची भेळ मात्र चांगली होती. पुण्यात भेळ म्हणून जे गोड पाणी देतात त्यापेक्षा पुष्कळच चांगली. तिखटानं कान तापले आणि चिडचीड थोडी निवली.

अवसरी खुर्द

घाट चढून उतरल्यावर हायवे सोडून आत वळलो. कॉलेजात नव्हे, गावात एका किराणा दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत ऋतुजा भेटली. ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, घर ओतूरकडचं. भिंतीवर आमच्या कॅसेटच्या मुखपृष्ठाची मोठी प्रत लावलेली. मी काढलेली ती कवटी इतक्या वर्षांनी इतक्या मोठ्या आकारात बघून मला लाज वाटली. कवटीला सहा दात एका बाजूला आणि नऊ दुसऱ्या बाजूला होते.

"सर, कसं वाटलं?"

"दात मोजायला हवे होते," मी म्हणालो.

"नको! तेच भारी आहे."

मला हेच कळत नव्हतं. या पोरांना जगातलं सगळं संगीत बोटाशी आहे. मग आमच्या या कच्च्या, घाईत केलेल्या, एका माइकवर रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं त्यांना काय पडलंय? मी विचारलं तसं. नवीन बँड फार हुशार आहेत, ती म्हणाली, पण ते वाजवताना आपण कसे दिसतोय हे बघत असतात. तुम्हाला कुणी बघणारच नव्हतं.

"आणि सहावं गाणं," ती म्हणाली. "ते लागलं की आमच्या खोलीत कुणी बोलत नाही. शब्द कळत नाहीत, पण तो माणूस खोटं बोलत नाहीये एवढं कळतं."

"आणि बाकीची पाच?"

तिनं नंदूकडे बघितलं. नंदूनं खिडकीबाहेर.

"बाकीची चांगली आहेत, सर. म्हणजे, प्रेतं, थडगी, रक्त वगैरे. वाचून लिहिल्यासारखी."

घ्या! वाचूनच लिहिली होती. बाहेरच्या बँडांच्या कॅसेटचे कागद समोर ठेवून, डिक्शनरीत शब्द शोधून. थडगं तर मी आयुष्यात जवळून पाहिलेलं नव्हतं. पण म्हणून असं तोंडावर सांगायचं?

तिनं पुढचंही सांगून टाकलं. सहाव्या गाण्याचे शब्द आणि मिलिंद सरांची परवानगी मिळाली तरच कॅसेट निघेल. ते गाणं नसेल तर तिला बाकीच्यात रस नाही. थोडक्यात, आयुष्यात मी केलेली एकमेव गोष्ट पुन्हा लोकांच्या हातात जाणार की नाही, हे त्या न विचारलेल्या शब्दांवर येऊन ठेपलं होतं.

शिनोली

मंचरला जेवायचं नाही असं ठरवून आम्ही मंचरला जेवलो, कारण नंदूला मासवडी दिसली. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेल्या वड्या आणि वर लालभडक रस्सा. पदार्थ अप्रतिम, पण बाजरीची भाकरी येईपर्यंत पाऊण तास गेला आणि नंदू "सावकाश, राव, सावकाश" म्हणत बोटं चाटत राहिला. मग घोडेगावच्या पुढे मोबाइलच्या नकाशानं आम्हाला एका कांद्याच्या वावरात नेऊन उभं केलं. समोर पाटाचं पाणी आणि मागे मेंढरं. मेंढक्या आमच्याकडे दयेनं बघत होता.

"मिलिंद? मोटारवाला मिलिंद व्हय? मागं फिरा. बुद्धविहाराच्या मागलं पिवळं घर."

पुण्यात पत्ता विचारला तर माणूस आधी तुमचं तिथे काय काम आहे ते विचारतो. इथे मेंढक्या मेंढरं सोडून पन्नास पावलं आमच्यासोबत चालत आला.

पिवळ्या घरात मिलिंद नव्हता. त्याची बायको वैशाली होती. दारात दोन अनोळखी माणसं बघूनही तिनं आधी पाण्याचा तांब्या आणला.

"ते जुन्नरला हायेत. तिथं त्यांचं वायंडिंगचं दुकान हाये. आता उन्हाळ्यात व्होल्टेज न्हाई, सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळत्यात. आठ दिस झालं, घरी नाय आले."

"फोन उचलत नाही तो," मी जरा तक्रारीच्याच सुरात म्हणालो.

"माझाबी नाय उचलत. तुमचं काय घेऊन बसले?"

मी आमचं काम सांगितलं. ती हसायलाच लागली.

"ते गाणं? अजून करत्यात की ते! हेल्मेट घालत्यात, गाडीवर बसत्यात, अन् जुन्नरपातुर हेल्मेटच्या आत वरडत जात्यात. बाहेर कुणाला कळत न्हाई. एकदा मी मागं बसले व्हते, लई घाबरले! म्हटलं, ह्यांना काय झालं? पार जुन्नर येईस्तोवर पाठीला हात लावून बसले."

नंदूचे डोळे पाणावले. "अजून करतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या मनात वेगळंच आलं. पंचवीस वर्षं हा माणूस त्या एका गाण्याला रस्त्यावर घेऊन फिरतोय आणि आम्हाला साधा एक फोन नाही!

"त्याचे शब्द काय आहेत, तुम्हाला माहीत आहेत?"

"विचारलं व्हतं एकदा. म्हणले, ते एका माणसाला सांगायचे हायेत, त्यानं विचारलं की सांगीन."

तिनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पोटात मासवडी होती तरी वांग्याचं कालवण आणि गरम भाकरी खाल्ली. घोडेगावात मुक्कामाची जी खोली मिळाली तिच्याबद्दल न लिहिलेलंच बरं. पंखा होता, लाइट नव्हते.

जुन्नर

सकाळी जुन्नरला पोचलो तर बाजाराचा दिवस. रस्ता कुठला आणि भाजीचे ढीग कुठले हेच कळेना. नंदू टरबुजाच्या गाडीशी घासाघीस करत थांबला, त्याला तिथून ओढत आणला. शिवनेरी समोर उभा होता, पण तो बघायला जाऊ असं कुणी म्हणालं असतं तर मी तिथेच बसून घेतलं असतं.

दुकान गल्लीच्या टोकाला सापडलं. दारात जळलेल्या मोटारींची रांग, आत वॉर्निशचा उग्र वास. मिलिंद खाली पोत्यावर बसून मोटारीच्या खाचांमध्ये तांब्याची तार भरत होता. केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर. वर न बघता म्हणाला, "बसा. बेचाळीस. त्रेचाळीस."

वेढे मोजत होता. मोजताना बोलला तर चुकतं आणि मोटार पुन्हा जळते, हे शेजारी बसलेल्या शेतकऱ्यानं आम्हाला समजावलं. त्याचीच मोटार होती. "कांदा सुकतोय, पावणं. आधी माझं हू द्या."

मी बसलो. काय करणार? दोन दिवस, एक खाल्लेली कॅसेट, एक कांद्याचं वावर, आणि आता वेढे. अर्ध्या तासानं एक खाच भरली तेव्हा त्यानं चष्मा काढला.

"जाडा झालास, शिरीष."

"फोन का उचलत नाहीस?"

"उचलला आसता तर आला आसतास का?"

नंदूनं त्याला मिठी मारली, दोघंही हसले, हेल्मेटचा विषय निघाला. मग मी म्हणालो, "मिल्या, उद्या छपाई आहे. शब्द सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"कशाला पाहिजेत?"

"कशाला म्हणजे? छापायला."

"तुला कशाला पाहिजेत, ते विचारतोय."

मला रागच आला. मी म्हणालो, ते आपलं सर्वांत चांगलं गाणं आहे, मला पहिल्यापासून आवडतं, आपण ते दर वेळी शेवटी वाजवायचो. हे सगळं खरंच होतं.

"बरं. लिवून घे," तो म्हणाला आणि पुन्हा तार हातात घेतली. पुढची खाच सुरू केली. दहा वेढे मनात मोजायचे, मग एक ओळ सांगायची. साध्या आवाजात, भाव सांगावा तसं. मी वहीत लिहीत गेलो.

*चार ताटल्या भरतात.*
*तीन खाली जातात.*
*चौथी मी धुतो, टाकीच्या नळाखाली.*
*गच्चीवर ऊन आहे.*
*ताटली तिथंच सुकते.*
*ताटली तिथंच राहते.*

माझा हात थांबला.

कोथरूडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक खोली होती. आम्ही तिथे प्रॅक्टिस करायचो. आई चौघांचे पोहे पाठवायची; ताटल्या तीन स्टीलच्या, एक प्लॅस्टिकची, गच्चीवरच ठेवलेली. ती प्लॅस्टिकची कधी स्वयंपाकघरात परत गेली नाही. नंदूला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तो खाऊन मोकळा व्हायचा. मला ठाऊक होतं. आईला मी एकदाही काही बोललो नाही. मिलिंदलाही नाही. तीन ताटल्या उचलून खाली नेणारा मीच होतो.

"लिव की," मिलिंद म्हणाला. "पुढं एकच वळ हाये. तीच परत परत."

"कोणती?"

"*तुला दिसतं.*"

ती ओळ मला पाठ होती. शब्दांनी नव्हे, आवाजानं. गाण्याच्या मध्यावर ती यायची, लांबच लांब, सगळा हॉल तिच्याबरोबर माना झटकायचा. त्या जागी मिलिंद दर वेळी माइक घेऊन माझ्याकडे वळायचा आणि माझ्या तोंडावर ती गुरगुर सोडायचा. मला वाटायचं, काय दोस्ती आहे! मी कपाळ त्याच्या कपाळाला टेकवून आणखी जोरात वाजवायचो.

शेतकरी कधी मिलिंदकडे, कधी माझ्याकडे बघत होता. त्याला बहुतेक सगळं समजलं होतं.

"मग येत का राहिलास?" मी विचारलं. "चार वर्षं?"

"ड्रम तुमच्या गच्चीवर व्हता ना," तो म्हणाला. मग तार खाली ठेवली. "आन् लई आवडायचं राव. आजून आवडतं. माझा चुलता भीमगीतांच्या गायन पार्टीत व्हता. त्याचा शब्द न् शब्द लोकांना कळायचा. त्यापायी दोनदा मार खाल्ला त्यानं. मी म्हटलं, आपल्याला आसं पाहिजे की पुण्यात तुझ्याच खोलीत उभं राहून तुझ्याच तोंडावर सगळं सांगता येईल, आन् खोलीबी जाणार न्हाई. दुसऱ्या कोणत्या गाण्यात जमलं आसतं ते?"

"मिल्या, मी..."

"ते नको आता. गिऱ्हाईक बसलंय." तो चिडलेला नव्हता. मला वाटतं, तो फक्त थकला होता. "तू विचारशील, म्हणून मी वाट बघितली. प्रत्येक प्रॅक्टिसला. मंग एक दिवस कटाळा आला, बंद केलं यायचं."

नंदू भिंतीशी टेकून खाली बसला होता.

"छापू का मग?" मी विचारलं.

"छाप की. माझं नाव घाल. गाणं माझं हाये." त्यानं चष्मा चढवला. "ज्याला सांगितलं त्याचं नाव मी गाण्यात घातलं न्हाई. ते घालायचं का न्हाई, तुझं तू बघ." आणि लगेच, "एक. दोन. तीन."

परत अवसरी

नारायणगावला मिसळ खायची असं नंदूनं येतानाच ठरवलं होतं. आम्ही न थांबता पुढे गेलो. प्लेअर बंद होता. मंचर येईपर्यंत नंदू एकदाच बोलला. "मला खरंच कळलं नव्हतं रे," तो म्हणाला. मी त्याच्यावर खेकसलो, की तुला कोण काय विचारतंय? मग लक्षात आलं, त्याच्यावर खेकसायला आता काही कारणच नाही. मी दोन दिवस टपरीवाल्यावर, नकाशावर, भाकरीच्या उशिरावर, वेढ्यांवर चिडत आलो होतो, आणि या सगळ्या प्रवासात चिडण्याजोगा एकच माणूस होता.

ऋतुजा दुकानाच्या पायरीवरच वाट बघत होती. मी वहीचं पान फाडून तिच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी मुद्रितं तपासणारा माणूस, पण त्या पानावर काय चुकलं असेल ते बघायचं धैर्य मला झालं नव्हतं.

"सर, हे कुणाला म्हटलंय?"

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, घरात आलेला प्रत्येक छापील कागद वाचते. हा कागदही ती वाचणार होती.

"मला," मी म्हणालो.

ऋतुजानं बॅगेतून पेन काढलं, पान गुडघ्यावर ठेवलं आणि मिलिंदच्या नावाखाली जागा सोडली.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. आडनावासकट.